दुसऱ्याच्या नावाचा हज

हज किती केले, असं कुणी विचारलं की मी "एक" म्हणतो. समोरचा चक्रावतो. कारण जुन्या नाशकातल्या आमच्या मोहल्ल्यात मी "दरवर्षी हजला जाणारे सलीमभाई" म्हणूनच माहीत आहे. पण माझा एकच. बाकीचे सगळे दुसऱ्यांचे. त्यातले बरेचसे अशा माणसांचे, ज्यांना मी कधी पाहिलंही नव्हतं. माझी नि त्यांची गाठ पडायच्या आधीच ते कबरीत गेले होते.

या दिवाळी अंकाचे संपादक माझे शाळेतले वर्गमित्र. तिसरीपासून एका बाकावर बसायचो. "तुझ्या कामावर लिही," म्हणाले. मी म्हटलं, "अरे, चकली खाता खाता मेलेल्या माणसांच्या हजबद्दल कोण वाचणार?" तर म्हणाले, "तू लिही, चकलीचं आम्ही बघतो." म्हणून हे लिहायला बसलोय. गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे बसणं हेच आता माझं मुख्य काम आहे.

नोकरी एका लहानशा हज-उमरा ट्रॅव्हल्समध्ये होती. माणसं नाशकातून बसमध्ये भरायची, मुंबईहून विमानात चढवायची, आणि तिकडे मक्का-मदिनेत रस्ता चुकलेले, चप्पल हरवलेले, साखर वाढलेले, नवऱ्यावर रुसलेल्या, असे सगळे गोळा करून पुन्हा नाशकात ज्याच्या त्याच्या घरी पोचते करायचे. हज वर्षातून एकदाच, ठरलेल्या दिवसांत होतो. उमरा ही त्याची धाकटी यात्रा, ती वर्षभर चालू असते. त्यामुळे मला सुट्टी अशी नव्हतीच.

या कामाच्या पोटात दुसरं एक काम होतं, हज-ए-बदल. म्हणजे दुसऱ्याच्या वतीने करायचा हज. ऐपत आली की आयुष्यात एकदा हज करणं मुसलमानावर फर्ज होतं, फर्ज म्हणजे टाळता न येणारं कर्तव्य. ऐपत असून माणूस जायचा राहिला आणि वारला, तर त्याच्या वतीने दुसऱ्याने जायचं. जिवंत असून कधीच उठणार नाही अशा आजाऱ्याच्या वतीनेही जाता येतं. गंगापूर रोडच्या पलीकडे झेंडू लावणारे माझे एक मित्र आहेत, त्यांना हे समजावून सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे आमच्या रामकुंडावर चालतं तसंच की!" मी म्हटलं, तसंच नाही, पण गेलेल्या माणसासाठी आपल्या हातून काहीतरी व्हावं ही तगमग मात्र तीच. रामकुंडाच्या गावात जन्मून मला ती ओळखू येणार नाही असं कसं होईल.

मात्र सगळंच काही दुसऱ्याला करता येत नाही. नमाज ज्याची त्यानेच पढायची. ती राहिली तर राहिली, आमच्यात फार तर त्याबद्दल गरिबाला जेवू घालतात. एकदा एका साहेबांनी मला विमानतळावर गाठून सांगितलं होतं, "सलीमभाई, जाताच आहात तर अब्बांच्या राहिलेल्या नमाजापण उरकून टाका. तिकडे सवाब जास्त मिळतो म्हणे." सवाब म्हणजे पुण्य. जणू मी बाजारात निघालो होतो आणि येताना कोथिंबीर आणायची होती.

बदलचे नियम मोजकेच, पण मी ते काटेकोर पाळायचो. आधी स्वतःचा हज झालेला असावा. एका हजमध्ये एकाचंच नाव. एहराम, म्हणजे ती शिवण नसलेली दोन पांढरी वस्त्रं, अंगावर घेताना नियत करायची, मनाशी आणि तोंडाने सांगायचं की हा अमक्याच्या वतीने. आणि निघायचं ते त्या माणसाच्या घरातून. हा शेवटचा नियम ऐकून माझी बायको नसीम खूप हसायची. कारण येवल्याचा बदल असला की मी आदल्या दिवशी नाशकातून एसटीने येवल्याला जायचो, त्यांच्या उंबऱ्यावरून बिस्मिल्लाह म्हणून पाऊल उचलायचो आणि त्याच रस्त्याने परत नाशकात येऊन मग मुंबईची बस पकडायचो. "एवढं कोण बघतंय?" ती विचारायची. पण ज्याच्या नावाने जायचं त्याचं घर, त्याची चूल, त्याने शेवटी पाहिलेली भिंत बघितली की तो माणूस माझ्याबरोबर निघायचा. नाहीतर ते नुसतं नाव राहतं.

येवल्याच्याच एका विणकरांच्या घरी मी आजीच्या बदलसाठी गेलो होतो. नियत करताना घ्यायला नाव विचारलं. नातवाने सांगितलं, "बडी माँ." मी म्हटलं, ते हाक मारायचं नाव झालं, खरं? घरात चुळबुळ सुरू झाली. कुणाला ठाऊक नव्हतं. हातमागावर जन्म घालवलेली, पैठणीची प्रत्येक नक्षी पाठ असलेली बाई, आणि तिचं नाव तिच्याच घरात कुणाला येईना. तिच्या वयाची जी शेजारीण होती तीही वारलेली. शेवटी मी "येवल्याच्या या घरातल्या बडी माँच्या वतीने" अशीच नियत केली. वरच्याला कळतं सगळं. पण मला फार वाईट वाटलं होतं, आजही वाटतं.

कळवणच्या दोन भावांना एका फेरीत आई-बाप दोघंही उरकायचे होते. नाही म्हटल्यावर आधी कोण, यावरून त्यांच्यात जुंपली. आईचा हज आधी झाला, बापाचा पुढच्या वर्षी ठरला. तोवर भाऊ वेगळे झाले आणि प्रत्येकाला वाटलं दुसरा बघेल. बापाचा हज अजून व्हायचाय. अलीकडच्या काळात तर मक्केजवळच्या अरफातच्या मैदानातून व्हिडिओ कॉल करा, नाव घेताना दिसलं पाहिजे, असे आग्रह सुरू झाले. मी फोन लावायचो. नाव घ्यायचो. पलीकडे कुणीतरी म्हणायचं, "थोडं उजेडात या."

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. हलीमाआपांचं तसं नेता येत नाही.

हलीमाआपा दिंडोरीच्या अलीकडे एका वाडीत राहायच्या. नवरा लवकर गेला. द्राक्षाच्या बागांमध्ये मजुरी करून त्यांनी रफिकला, एकुलत्या एका मुलाला वाढवलं. रफिकचं आता तिथेच रस्त्याला लागून गॅरेज आहे, बागांवर औषध मारायचे ब्लोअर आणि ट्रॅक्टर दुरुस्त करायचं. आपांना उर्दू नमाजापुरती यायची. बाकी बोलणं सगळं दिंडोरीचं, खणखणीत. म्हातारपणी माहेरच्या वाटणीचा हिस्सा मिळाला आणि पहिल्यांदा त्यांच्यावर हज फर्ज झाला. त्याच वर्षी लकव्याने त्यांना गाठलं. उजवी बाजू गेली.

रफिक माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या हाताचं ऑइलही निघालं नव्हतं. "चाचा, अम्मा आता काही उठत नाही. तिच्या नावाचा हज तुम्ही करा. तिच्या डोळ्यादेखत झाला तर समाधानाने जाईल बिचारी."

मी त्याला घेऊन आमच्या मुफ्तीसाहेबांकडे गेलो, धर्माच्या नियमांचा निवाडा तेच देतात. त्यांनी त्याला पुन्हा पुन्हा एकच विचारलं, बरं होण्याची आशा खरंच संपली आहे का? रफिक म्हणाला, संपली. पुढे कळलं, डॉक्टर "आत्ताच सांगता येत नाही" म्हणाले होते. पण आई खाटेवर वाकड्या तोंडाने पडलेली बघून त्या पोराच्या मनाने त्याचा अर्थ केव्हाच लावून टाकला होता. मी तरी कुठे वेगळा अर्थ लावला असता.

ठरल्याप्रमाणे मी त्यांच्या उंबऱ्यावरून निघालो. आपांची खाट रफिकने ओट्यावर आणून ठेवली होती. त्यांनी डाव्या हाताने माझा हात धरला आणि अडखळत म्हणाल्या, "सलीमभाऊ, माजं नाव नीट घ्या. बापाच्या नावासकट."

मी नीट घेतलं. एहरामच्या वेळी घेतलं, काब्यासमोर घेतलं, अरफातच्या मैदानात घेतलं. हजचा सगळा प्राण त्या अरफातच्या दुपारी असतो. लाखो माणसं उन्हात उभी राहून मागत असतात. मीही तिथे हलीमा बिन्त याकूबच्या, म्हणजे याकूबच्या लेकीच्या, वतीने उभा राहिलो आणि तिचे गुन्हे माफ कर म्हणून मागितलं. मग, आता आलोच आहोत तर, असं मनात आलं आणि मी तिच्यासाठी शिफाही मागितली. हिला बरं कर. हिला पायावर उभी कर. अगदी कळवळून मागितलं.

परत आल्यावर मक्केतल्या झमझम विहिरीचं पाणी आणि खजूर घेऊन वाडीवर गेलो. दार वाजवलं. दार हलीमाआपांनी उघडलं.

काठी होती हातात. पाय किंचित ओढत होत्या. पण उभ्या होत्या. आणि हसत होत्या, तोंडाच्या दोन्ही बाजूंनी.

"या, सलीमभाऊ! तुमी तिकडं हज केला अन् मी हिकडं उठले. अक्की वाडी म्हनती, हलीमा, तुजा हज कबूल झाला."

वाडीभर तेच चाललं होतं. बागेतल्या बायका, शेजारचे पाटील, किराणावाला, सगळे त्यांना हज्जनबी, म्हणजे हज केलेली बाई, म्हणायला लागले होते. रफिकने बिर्याणी घातली होती. त्या दिवशी मलाही प्रेमाने खाऊ घातलं. मी जेवलो, हसलो, डोळे पुसले. आणि परतीच्या बसमध्ये दिंडोरी नाका मागे पडला तेव्हा कुठे मला नियम आठवला.

जिवंत माणसाचा बदल तो उठणार नाही याच अटीवर असतो. उठला तर त्याच्यावरचं कर्तव्य पुन्हा उभं राहतं. त्याने स्वतः जायचं. म्हणजे माझी दुआ कबूल झाली होती आणि म्हणूनच माझा हज कामी आला नव्हता. मीच केला आणि मीच मोडला, असं म्हणा हवं तर.

मुफ्तीसाहेबांनी तेच सांगितलं. दुखणं बरं होण्यासारखं होतं, बरं झालं. फर्ज बाकी. मी केलेला हज वाया नाही, तो नफ्ल झाला, म्हणजे वाढीव पुण्याचा, पण फर्जच्या जागी धरता येणार नाही. मग जरा थांबून म्हणाले, "इस्लाममध्ये दुसऱ्या इमामांना मानणारेही आहेत. त्यांच्यातले काही म्हणतात, एकदा झाला तो झाला. पण आपण आणि ती बाई ज्या वाटेने चालतो तिथे असं आहे. कळवणं तुमच्याकडे लागलं."

ती दुसऱ्या इमामांची गोष्ट त्यांनी मला का सांगितली, याचा मी आजवर विचार करतोय. दार थोडं उघडं ठेवलं असेल का त्यांनी माझ्यासाठी? मला त्या वेळी ते दिसलं नाही.

नसीम म्हणाली, "मुफ्तींचं मुफ्तींना सांगू द्या. तुम्ही गप्प बसा. बाई आनंदात आहे." रफिक गॅरेजमध्ये ब्लोअरच्या पंख्याखाली आडवा झालेला. तो बाहेरही न येता म्हणाला, "नका सांगू, चाचा. किती दिवसांनी हसतेय ती."

मी त्याला म्हटलं, "तिचं फर्ज तिला माहीत नको का?"

"माहीत झालं तर काय करंल ती? झुरंल."

"जाईल. चालतेय ना ती आता."

तो पान्हा फिरवत राहिला.

मी आत वाडीवर, घरी गेलो आणि आपांना सांगितलं. आपा सुपात मटकी निवडत होत्या. डाव्या हाताने खडे बाजूला काढायची त्यांना सवय झाली होती. मी जमेल तेवढ्या मऊ शब्दांत बोललो. त्यांचा हात थांबला.

"म्हंजे माजा हज नाय झाला?"

"झाला, आपा. पण नफ्ल. फर्ज राहिला."

"मी बरी झाले म्हनून?"

"हो."

त्यांनी सुपाकडे बघितलं. "मंग हे बरं होनंच चुकलं म्हनायचं," म्हणाल्या.

चाळीस तऱ्हेच्या माणसांना चाळीस तऱ्हांनी समजावण्यात माझा जन्म गेला. त्या वाक्यानंतर मात्र मी चहा न घेताच उठलो.

हलीमाआपा मात्र झुरणाऱ्यातल्या नव्हत्या. पुढच्या वेळी गेलो तर त्यांनी सगळं नव्याने मांडून ठेवलं होतं. "आल्लानं उठवलं ते जायसाठीच उठवलं आसंल. नायतर खाटंवर काय वाईट होते मी?" हज्जनबी म्हणून कुणी हाक मारली की फटकन म्हणायच्या, "अजून नाय झाले. झाले की सांगंन." शेजारच्या पाटलांच्या बागेत शेततळं आहे, प्लॅस्टिकचं अस्तर घातलेलं, भोवती तारेचं कुंपण. त्याच्या कडेने त्या रोज फिरायला लागल्या. मी सांगितलं होतं की तवाफ करताना, म्हणजे काब्याला फेरे घालताना, काबा डाव्या हाताला ठेवायचा. म्हणून शेततळं डाव्या हाताला ठेवून फिरायच्या. बागेत विरळणी करणाऱ्या बायका ओरडायच्या, "हलीमाबाई, कुठवर पोचल्या?" या काठी उंचावून सांगायच्या, "जेद्द्यापत्तुर!" हजचं विमान तिथे उतरतं. पाटलांनी स्वतः कडेचे दगड वेचून वाट साफ करून दिली होती.

मला हे बघून बरं वाटायचं. वाटायचं, सांगितलं ते योग्यच केलं. एक बाई मजूर म्हणून जन्मभर दुसऱ्याच्या बागेत राबली, आता स्वतःच्या कामाला निघाली आहे. अभिमानसुद्धा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

पण निघणं होईना. आमच्यात बाईने या प्रवासाला नवऱ्याबरोबर किंवा मुलाबरोबर जायचं असतं, म्हणजे रफिक मोकळा हवा. पहिल्या वर्षी त्याला वाटलं, अम्माचे पाय अजून कच्चे आहेत, गर्दीत पडेल. त्यात चुकीचं काही नव्हतं. पुढच्या वर्षी, आमच्या कंपनीचा दोघांचा खर्च झेपणारा नव्हता म्हणून सरकारी सोडतीत अर्ज केला, पण दोघांचं नाव आलं नाही. आपांनी त्या दिवशी मला फोन केला. म्हणाल्या, "सलीमभाऊ, तुमच्या टायमाला बरं, पटकन झालं. माजाच नंबर कसा लागंना?" मी हसलो. फोन ठेवल्यावर नसीम माझ्याकडे बघत होती. तिला काय म्हणायचंय ते मला कळलं. या बाईचा हज दोन वर्षांपूर्वी झालेला होता, वाडीने मानला होता, आणि एका इमामांच्या मते तर तो खराच झाला होता. तो मी जाऊन परत घेतला होता आणि त्याच्या बदल्यात तिला एक रांग दिली होती.

त्याच्या पुढच्या वर्षी नाव आलं. दोघांचं. आपांनी वाडीत गूळ वाटला. पासपोर्टच्या फोटोत डोळे विस्फारलेले, मान ताठ. रफिकने गॅरेज सांभाळायला माणूस बघून ठेवला. हजला अजून काही महिने होते.

थंडीत, बागांना मणी धरले होते आणि फवारणीचा जोर होता, तेव्हा त्यांना दुसरा झटका आला.

मी उमऱ्याचा एक गट घेऊन निघायच्या बेतात होतो. कंपनीला सांगून ठेवलं होतं की हा माझा शेवटचा गट, गुडघे आता ऐकत नाहीत. जायच्या आधी वाडीवर गेलो. खाट पुन्हा तिथेच, ओट्यावर. बोलणं कळायला वेळ लागत होता, पण डोकं शाबूत होतं.

"सलीमभाऊ, तो तुमी केलेला हज..." त्या म्हणाल्या. "तो माजाच हाय ना?"

"तुमचाच आहे, आपा. नफ्ल, पण तुमचाच."

"मंग तो मी माज्या आईला देते. ती दिंडोरीच्या फुडं कुटंच गेली नाय. चालतं ना आसं?"

चालतं. आपल्या केलेल्याचं पुण्य गेलेल्या माणसाच्या नावे करता येतं, आमच्यात घरोघरी करतात. पण त्यांच्याकडे तेवढा एकच होता. मी म्हटलं, "आपा, राहू द्या तुमच्याजवळ. नंतर बघू."

त्या डाव्या डोळ्याने हसल्या. "मला काय करायचा? माजा मी करनार हाय ना."

देणाऱ्याचं काही कमी होत नाही, असं आलिम, म्हणजे धर्माचे जाणकार, सांगतात. मी त्यांना तेही सांगितलं. त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. आईच्या नावाने हात उचलायला त्या धडपडत होत्या. उजवा हात उठेना. रफिकने तो उचलून डाव्याशेजारी धरला आणि मी दुआ म्हटली.

निघताना रफिक मोटरसायकलवर मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. तिथे त्याने माझी बॅग धरून ठेवली. "चाचा, मागच्या वेळी तुम्ही तिच्या नावाने गेलात आणि ती उठली. आताही जाताय. तिच्या नावाचा उमरा करा. उठवा तिला."

"अरे, हे औषध आहे का? असं नसतं बेटा."

"मला नियम नका सांगू," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "एकदा सांगितला तुम्ही नियम. आता नुसतं मागा."

पुढचं आधी सांगून टाकतो. रफिक त्या वर्षी एकटाच हजला गेला. स्वतःचा झाल्याशिवाय आईचा करता येत नव्हता. आता तिच्या नावाने जायची तयारी करतोय आणि वाडीवरच्या त्याच ओट्यावरून निघणार आहे. तो मला कधीही काही बोलला नाही. ईदला शिरखुर्मा घेऊन येतो, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो. लोक म्हणतात, तुम्ही तुमचं कर्तव्य केलं. मुफ्तीसाहेब म्हणतात, नियत बांधून ती निघालेलीच होती, अल्लाह नियत बघतो. सगळे चांगलं बोलतात. माझं मन मात्र त्या मटकीच्या सुपापाशी जाऊन बसतं. खरं बोललो, याचा मला पश्चात्ताप होतो असं म्हणवत नाही आणि होत नाही असंही म्हणवत नाही. एका म्हाताऱ्या बाईच्या हातात पडलेलं समाधान मी नियमावर बोट ठेवून काढून घेतलं. नियम खरा होता, एवढंच.

तर तो उमरा. मी एहराम बांधताना हलीमा बिन्त याकूबच्या वतीने अशी नियत केली. हा अख्खा उमराच तिचा होता. दुपार टळत आली होती. गटातल्या म्हाताऱ्यांना वरच्या मजल्यावर चाकाच्या खुर्च्यांच्या रांगेत लावून दिलं आणि मी खाली, काब्याभोवतीच्या संगमरवरी पटांगणात उतरलो. पायाखाली गार फरशी, चहूबाजूंनी नुसती माणसं. काबा डाव्या हाताला. मी नियमाचं काही आठवत नव्हतो. रफिकने सांगितलं होतं तसं नुसतं मागत होतो. हिला उठव. हिला इथे आण. तिला चालता येतं, तिने तयारी केली आहे, तिला फक्त इथवर आण.

फेरा चालू असताना कमरेच्या पट्ट्यात फोन थरथरला. मी सहसा घेत नाही. रफिकचं नाव दिसलं म्हणून घेतला.

"चाचा," तो म्हणाला. मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं. "अम्मा गेली. आत्ताच."

गर्दी मला पुढे ढकलत होती. तिथे थांबता येत नाही.

"कुठं आहात तुम्ही?"

"तवाफमध्ये. तिच्याच."

तो मग म्हणाला, "पुरा करा."

मी फोन पट्ट्यात ठेवला. नियत बदलायची गरज नव्हती. जिवंत असो की गेलेली, नाव तेच होतं, बापाच्या नावासकट. बदलायची होती फक्त दुआ. आता हिला माफ कर, हिची कबर रुंद कर, हिच्यावर दया कर, असं म्हणायचं असतं. जन्मभर हजारो माणसांना मीच ते शिकवलं होतं. मी ते म्हणायला तोंड उघडलं. पण तो फेरा संपला, पुढचा सुरू झाला, तरी तोंडातून जुनंच निघत राहिलं. हिला उठव. हिला इथे आण.